कॅटलॉगपासून गेटच्या पाटीपर्यंत: कंपनीचे आयकॉन एका हाताचे कसे दिसतील?

रेखाटन_उद्यमबाग
हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) सिलिंडर आणि त्यांना दाबाचं तेल पुरवणारे पॉवर पॅक करणाऱ्या एका कंपनीची दृश्य ओळख नव्यानं बसवायचं काम चालू आहे. लोगो, रंग, अक्षरं ठरली. आता अडलंय ते आयकॉनवर. कॅटलॉगात एका संचातले, वेबसाइटवर दुसऱ्या, खोक्यांवर तिसऱ्याच आणि गेटच्या पाटीवर बोर्डवाल्यानं स्वतः काढलेले. साहित्य कन्नड, मराठी, इंग्रजी तिन्हींत लागतं, त्यामुळे आयकॉन नुसते शोभेचे नाहीत. वाचणाऱ्याला भाषेआधी तेच दिसतात.

प्रश्न तीन. तयार संच घ्यावा की स्वतः काढावेत? रेषेचे की भरीव? आणि ठरलेली गोष्ट छापखाना, पाटीवाला, वेबवाला या तिघांकडे न बिघडता कशी पोचवायची?

तिरपी_रेघ
आयकॉन निवडण्याआधी सांगाडा ठरवा. निम्मं भांडण तिथंच मिटतं.

२४ बाय २४ एककांचा चौकोन घ्या. चारी बाजूंनी २ सोडा, म्हणजे चित्राला २० बाय २० उरतं. आत चार मूळ आकार आखा: वर्तुळ २० व्यासाचं, चौरस १८ चा, उभा आयत १६ बाय २०, आडवा २० बाय १६. चौरस मुद्दाम लहान ठेवायचा. २० चा चौरस २० च्या वर्तुळाशेजारी ठेवला तर डोळ्याला तो मोठा आणि जड दिसतो, कारण त्याचे कोपरे वर्तुळाच्या बाहेर जातात. मापानं सारखं आणि दिसायला सारखं यात फरक आहे, आणि इथं दिसणंच धरायचं.

मग रेषा. जाडी २. टोकं गोल की सपाट, एकच काहीतरी. बाहेरच्या कोपऱ्याची गोलाई २. दोन रेषांमधली मोकळी जागा २ पेक्षा कमी नको, लहान आकारात ती बुजते. तिरप्या रेषा शक्यतो ४५ अंशांतच. म्युनिकच्या १९७२ च्या ऑलिंपिकसाठी ओट्ल आयखर यांनी केलेली खेळांची चिन्हं याच शिस्तीची आहेत: आडवं, उभं आणि ४५ अंश. एवढे वेगवेगळे खेळ, पण सगळे एका घरातले वाटतात.

गोलाई आणि टोकं तुमच्या अक्षरांवरून ठरवा. अक्षरं कोपरेदार असतील तर गोल टोकांचे आयकॉन शेजारी परके दिसतात.

घटप्रभा
नियम पटले, पण पन्नास-साठ आयकॉन शून्यातून काढण्याची गरज नाही. बाजारात चांगले मोकळे संच आहेत. मटेरियल सिंबल्स अपाचे २.० परवान्यात, फेदर आणि फॉस्फर एमआयटी परवान्यात. फाँट ऑसमच्या मोफत आयकॉनना सीसी बाय ४.० लागू आहे, म्हणजे श्रेय द्यावं लागतं. एसव्हीजी (वेबवर वापरायच्या रेखाचित्राची) फाइलीतली श्रेयाची टिप्पणी काढून टाकली आणि दुसरीकडे कुठं श्रेय दिलं नाही तर परवाना मोडतो.

फोन, पत्ता, डाउनलोड, शोध, कॅलेंडर हे सगळं संचातून घ्या. तुमच्या धंद्याचे म्हणून जे दहा-पंधरा असतील तेवढेच काढा, आणि ते त्याच संचाच्या मापात काढा.

तिरपी_रेघ
@घटप्रभा, मान्य. पण संच एकच घ्यायचा हे ठळक लिहायला हवं. फेदर २४ च्या चौकटीत २ जाडीनं काढलाय. फॉस्फरची चौकट २५६ ची आणि नेहमीच्या वजनाची रेषा १६, म्हणजे २४ वर आणली की १.५. दोन्ही 'बारीक रेषेचे, गोल टोकांचे' म्हणून एका ओळीत बसवतात आणि मग काहीतरी खटकतंय पण काय ते कळत नाही. खटकतं ते हे अर्ध्या एककाचं अंतर.

कोरलगल्ली
आमच्या भागात छपाईच्या बहुतेक फायली कोरल या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्येच फिरतात, तेव्हा तिथं बिघडतं कसं ते सांगतो.

रेषेचा आयकॉन कोरलमध्ये लहान-मोठा केला की जाडी आपोआप बदलेलच असं नाही. आउटलाइन पेनच्या खिडकीत 'स्केल विथ ऑब्जेक्ट'वर टिक नसेल तर ८ मिमीचा आयकॉन ८० मिमी केला तरी रेषा तेवढीच राहते, पाटीवर तारेसारखी दिसते. उलट कार्डासाठी लहान केला की रेषा फुगून सगळा डाग होतो. इलस्ट्रेटरमध्ये हेच 'स्केल स्ट्रोक्स अँड इफेक्ट्स'वर ठरतं आणि ते प्रत्येक मशीनवर वेगळं असू शकतं. म्हणजे तीच फाइल दोन टेबलांवर दोन तऱ्हांनी वागते.

उपाय: बाहेर जाणाऱ्या फाइलीत रेषा ठेवूच नका. कंट्रोल-शिफ्ट-क्यू मारून रेषेचा आकार करा, मग वेल्ड करा, म्हणजे एकमेकांवर आलेले तुकडे जोडून एकच आकार करा. प्लॉटरवर व्हिनाइल कापायचं असेल तर हे हवंच, नाहीतर सुरी रेषेच्या मधोमध एकच काप मारते. वेल्ड झाल्यावर आतली भोकं शाबूत आहेत ना बघा. 'पत्ता' दाखवणाऱ्या पिनमधला गोल भरून गेलेला कितीतरी पाट्यांवर दिसतो.

आणि मूळ रेषेची फाइल वेगळी जपून ठेवा. आकार झाल्यावर जाडी बदलायची म्हटलं की परत काढणं आलं.

निपाणी_पेठ
जाडीचा हिशेब सोपा आहे. २४ ला २, म्हणजे आयकॉनच्या उंचीचा बारावा भाग. कार्डावर ४ मिमीचा आयकॉन असेल तर रेषा ०.३३ मिमी, जवळजवळ १ पॉइंट. ऑफसेटला चालते. पण गडद पट्ट्यात पांढरी सोडायची असेल तर शाई दोन्हीकडून आत सरकते, तिथं थोडी जाड आवृत्ती ठेवा.

आणखी एक. बारीक रेषेच्या आयकॉनला चार शाया मिसळून केलेला रंग देऊ नका, आणि ६० टक्के फिका रंगही नको. फिक्या रंगाची कड ठिपक्यांनी बनते, ०.३ मिमीच्या रेषेत ती करवतीसारखी दिसते. चार शायांची नोंदणी, म्हणजे एकमेकींवर नेमकं बसणं, केसभर हलली की कडेला लाल-निळी सावली येते. एकच शाई, १०० टक्के. कोरोगेटेड खोक्यावर फ्लेक्सो (लवचीक साच्याची छपाई) असेल तर रेषा १ मिमीखाली नेऊच नका, म्हणजे आयकॉन किमान १२ मिमीचा. युनिफॉर्मवर भरतकाम असेल तरीही तेच, १ मिमीखाली साटीन टाका नीट बसत नाही.

खानापूर_रोड
रेषा-जाडी सगळं ठीक, पण गोंधळ जास्त होतो तो अर्थात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागातली कुठलीही चार माहितीपत्रकं काढून बघा की. दातेरी चक्र 'उत्पादन'ला, तेच 'सर्व्हिस'ला, तेच 'स्पेअर पार्ट'ला आणि वेबसाइटवर 'सेटिंग'ला. एका चक्रावर चार ओझी.

एक तक्ता करा. डावीकडे अर्थ, शेजारी आयकॉन, शेजारी तिन्ही भाषांतला ठरलेला शब्द, आणि शेवटी 'कशासाठी वापरायचा नाही' असा रकाना. हा शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा. अॅपमध्ये चक्र म्हणजे सेटिंग हे लोकांच्या हातात बसलंय, तेव्हा ते तिथंच राहू द्या. सर्व्हिसला पाना. स्पेअर पार्टला सील किंवा ओ-रिंग. उत्पादनाला सिलिंडरचा उभा छेद, तुमचा स्वतःचा.

आणि तीन चक्रं त्रिकोणात एकमेकांत अडकवलेला आयकॉन कृपा करून टाळा. तिन्ही एकमेकांना लागली तर एकही फिरत नाही, सगळं जाम. गिऱ्हाईक इंजिनिअर आहे, त्याला ते पहिल्या नजरेत दिसतं.

कोरलगल्ली
तीन चक्रांचं अगदी खरं आहे ओ. चक्राचे दातही आठच ठेवा. बारा केले की १६ पिक्सेलला फुलासारखं दिसतं.

पॉवरपॅक_अण्णा
धागा आधी बघायला हवा होता, कारण हायड्रॉलिकचं म्हटलं की एक धोका आहे आणि तो अजून कुणी मांडला नाही.

सर्किट आकृतीतली चिन्हं आयएसओ १२१९ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे असतात. त्यात पंप म्हणजे वर्तुळ आणि बाहेर टोक केलेला त्रिकोण. मोटर म्हणजे त्रिकोण आत टोक केलेला. भरीव त्रिकोण म्हणजे तेल, पोकळ त्रिकोण म्हणजे हवा. आता डिझायनरनं 'आमचे आयकॉन सगळे रेषेचे' म्हणून तो त्रिकोण पोकळ केला, तर हायड्रॉलिक पंपाचा हवेचा कॉम्प्रेसर झाला. शैली राखली आणि अर्थ बदलला. कॅटलॉगात, नेमप्लेटवर, मॅनिफोल्डवर (तेलाच्या वाटा असलेल्या ठोकळ्यावर) असली चिन्हं असतील तर ती ब्रँडच्या नियमांबाहेर ठेवा. रंग काळा, जाडी मानकातली, हात लावायचा नाही.

सुरक्षेच्या चिन्हांचंही तेच. आयएसओ ७०१० मध्ये मनाईला लाल वर्तुळ आणि तिरपी पट्टी, इशाऱ्याला पिवळा त्रिकोण, सक्तीला निळं वर्तुळ, सुटकेच्या वाटेला हिरवा चौकोन. कंपनीचा रंग केशरी आहे म्हणून हेल्मेटची निळी पाटी केशरी करून चालत नाही. शॉपफ्लोअरवर ती ओळखायला एक क्षण जास्त लागला तरी नुकसान माणसाचं होतं.

खोक्यांवरची 'ही बाजू वर', 'नाजूक', 'पाण्यापासून जपा' ही आयएसओ ७८० ची. ती साधारण १००, १५० किंवा २०० मिमी उंचीत आणि गडद रंगात, शक्यतो काळ्यात छापतात. त्यांच्या शेजारी तुमचे ब्रँड आयकॉन नकोत. हमाल ट्रकमधून बघतो तेव्हा त्याला दोन बाण आणि एक पेला एवढंच दिसायला हवं.

रेखाटन_उद्यमबाग
अण्णा, पोकळ त्रिकोणाचं वाचून लगेच यादी वेगळी काढायला घेतली. म्हणजे दोन कप्पे झाले: ब्रँडचे आयकॉन आणि मानकांची चिन्हं. व्हॉट्सअॅप, यूट्यूब कुठल्या कप्प्यात?

घटप्रभा
तिसरा कप्पा. ती दुसऱ्यांची बोधचिन्हं आहेत, आपल्या रेषेत काढायला आपली नव्हेत. त्या कंपन्या स्वतःच्या फायली देतात, त्याच वापरा. तुमच्या रेषेच्या आयकॉनशेजारी ती जड दिसतात, म्हणून एका ओळीत मिसळू नका. फोन, पत्ता, मेल वरच्या ओळीत. ही सगळी खालच्या ओळीत, सारख्या मापाच्या चौकटीत. यूपीआयची खूणही याच कप्प्यात.

पैशांसाठी तयार संचात बहुतेक डॉलर असतो, तो बदलून रुपयाचं चिन्ह घाला. २०१० पासून आपलं स्वतःचं चिन्ह आहे. मात्र त्याच्या वरच्या दोन आडव्या रेषांमधलं अंतर लहान आकारात बुजतं, तेव्हा नाण्याच्या गोलात कोंबण्याऐवजी गोल काढून टाका.

कुंदा_आणि_कर्दंट
कप्प्यांवरून आठवलं, खाण्याच्या पदार्थांच्या खोक्यावर हिरव्या ठिपक्याचंही असंच होतं. कुंद्याचा डबा सोनेरी-मरून, म्हणून ठिपकाही सोनेरी केलेला चालत नाही. हिरवा भरीव गोल, भोवती हिरव्या कडेचा चौकोन, चौकोनाची बाजू गोलाच्या व्यासाच्या दुप्पट. दर्शनी भाग १०० चौरस सेंमीपर्यंत असेल तर व्यास किमान ३ मिमी, ५०० पर्यंत ४, २५०० पर्यंत ६, त्यापुढे ८. भेटीच्या मोठ्या डब्यावर लहान डब्याचीच फाइल डकवली की चिन्ह लहान पडतं.

निपाणी_पेठ
आणि आमच्याकडे तंबाखूच्या पुड्यावर तर ८५ टक्के जागा इशाऱ्याची. ब्रँडला उरतो एवढासा पट्टा. तिथं आयकॉनांचा मोह धरूच नये, नाव वाचता आलं तरी पुष्कळ.

बोर्डवाला_शहापूर
पाटीचं सांगतो. २०२४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात नामफलकावर ६० टक्के कन्नड हवं आणि ते वर हवं. उरलेल्या ४० टक्क्यांत मराठी आणि इंग्रजी. त्यात फोन, पत्ता, वेळ असे आयकॉन प्रत्येक भाषेच्या ओळीपुढं तीन-तीनदा लावू नका. आयकॉन एकदाच, डावीकडे, आणि त्याच्या उजवीकडे तिन्ही ओळी.

अक्षरांशी जुळवताना तीन लिप्यांचं वागणं वेगळं असतं. मराठी अक्षर शिरोरेषेला लटकतं, तेव्हा आयकॉनचा वरचा काठ शिरोरेषेला आणि खालचा अक्षराच्या तळाला धरा. वरची वेलांटी आणि खालचा उकार मोजायचे नाहीत. कन्नडला शिरोरेषा नाही, अक्षर गोल, आणि ओत्तक्षर (जोडाक्षरातलं खाली लिहिलं जाणारं व्यंजन) खाली उतरतं. तिथं आयकॉन अक्षराच्या मुख्य अंगाच्या मधोमध धरायचा आणि ओळींत जागा जास्त सोडायची. इंग्रजीत कॅपिटलच्या उंचीला. एकाच संगणकी 'सेंटर अलाइन'वर तिन्ही सोडलं तर कन्नड ओळीचा आयकॉन खाली घसरलेला दिसतो, कारण यंत्र ओत्तक्षरासकट मध्य काढतं.

अक्षराची उभी दांडी आणि आयकॉनची रेषा यांची जाडी जवळपास सारखी हवी. 'अनेक' नावाचा फाँट देवनागरी, कन्नड, लॅटिन तिन्हींत आहे आणि त्याचं वजन हवं तसं कमी-जास्त करता येतं. आयकॉनची रेषा पक्की ठेवा आणि फाँटचं वजन तिला जुळेपर्यंत सरकवा.

गेटच्या आतल्या दिशादर्शक पाट्यांना अंतर भागिले शंभर ही रीत धरा. २० मीटरवरून दिसायला हवं तर चिन्ह २०० मिमी.

चिकोडी_लाइन
माझं मत सरळ आहे, सगळे भरीव करा. पाटी, खोकं, भरतकाम, रबरी शिक्का, सगळीकडे टिकतात. रेषेचे आयकॉन पडद्यावरच शोभतात. इथं अर्धा धागा रेषा वाचवण्यात गेला की.

तिरपी_रेघ
@चिकोडी_लाइन, तुमच्या मुद्द्यात वजन आहे, पण भरीव केल्यावर यंत्राचे छेद, सील, नळ्या या सगळ्याचं आतलं अंग हरवतं. सिलिंडर आणि बाटली सारखीच दिसायला लागतात. मी दोन्ही ठेवीन, पण वाटणी ठरवून: २४ पिक्सेल किंवा ८ मिमीच्या वर रेषेचे, त्याखाली आणि सगळ्या खडबडीत माध्यमांवर भरीव. एका पानावर, एका पाटीवर दोन्ही एकत्र नाहीत. अपवाद एकच, अॅपमध्ये निवडलेला टॅब भरीव आणि बाकीचे रेषेचे, कारण तिथं भरीवपणाला अर्थ आहे.

भरीव आवृत्ती म्हणजे रेषेच्या आयकॉनमध्ये रंग ओतणं नव्हे. आतले तपशील २ एककांच्या पांढऱ्या फटीनं दाखवून नव्यानं काढावे लागतात.

घटप्रभा
पडद्यावरही आकारानुसार वेगळं काढावं लागतं. २४ चा आयकॉन १६ वर आणला की रेषा १.३३ पिक्सेल होते, कड धूसर. १६ साठी वेगळा, कमी तपशिलाचा काढा. गडद पार्श्वभूमीवर पांढरे आयकॉन जाड भासतात. मटेरियल सिंबल्समध्ये त्यासाठी 'ग्रेड' (जाडी किंचित कमी-जास्त करायची) उणे २५ ची सोय आहे. अर्थ सांगणाऱ्या आयकॉनचा पार्श्वभूमीशी फरक किमान ३ ला १ हवा, हा डब्ल्यूसीएजीचा, म्हणजे वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांचा नियम. फिका केशरी पांढऱ्यावर तिथं नापास होतो. बोट लावायची जागा अँड्रॉइडवर ४८ बाय ४८, आयकॉन २४ चाच राहिला तरी.

गोलातला 'चालू करा'चा त्रिकोण चौकटीच्या मध्यावर ठेवलात तर डावीकडे झुकलेला दिसतो. त्रिकोणाचा गुरुत्वमध्य रुंदीच्या एक-षष्ठांशानं पायाकडे असतो, साधारण तेवढाच उजवीकडे सरकवा. रुंदी १२ असेल तर २.

साचा_आणि_वाळू
कास्टिंगवर (साच्यात ओतलेल्या धातूच्या भागावर) उठावाचं चिन्ह हवं असेल तर? पंपाच्या बॉडीवर प्रवाहाचा बाण आणि कंपनीची खूण मागतात.

पॉवरपॅक_अण्णा
बाण भरीवच, आणि तो ब्रँडच्या शैलीत नको, साधा आणि ठसठशीत. कंपनीच्या खुणेबद्दल तुम्हीच जास्त सांगाल.

साचा_आणि_वाळू
सांगतो. पॅटर्न म्हणजे वाळूत ठसा उमटवायचा नमुना. त्याच्यावरचा उठाव म्हणजे वाळूत खाच. चिन्हातली बंद पोकळी म्हणजे त्या खाचांच्या मध्ये उभं राहिलेलं वाळूचं बेट. ते अरुंद असलं की पॅटर्न उचलताना तुटतं. पोकळी धातूनं भरते आणि तुटलेली वाळू भलतीकडे जाऊन बसते. म्हणून उठाव १.५ मिमी असेल तर पोकळी निदान त्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद ठेवा, भिंतींना उतार द्या आणि आतले कोपरे गोल करा. पेंटिंगचे थर चढल्यावर कड आणखी बोथट होते. कास्टिंगसाठी आयकॉनची चौथी आवृत्तीच लागते, शक्यतो बंद पोकळी नसलेली.

रेखाटन_उद्यमबाग
आता कामाला दिशा आली. पोचवण्याचा प्रश्न मात्र अजून उरलाय. फायली कशा बांधू?

कोरलगल्ली
चार कप्पे करा: मूळ, छपाई, पडदा, कापणी-कोरणी. 'मूळ'मध्ये रेषा जिवंत, तो कुणालाही पाठवायचा नाही. छपाईला आकार केलेली पीडीएफ. पडद्याला एसव्हीजी. कापणीला वेल्ड केलेली फाइल, एकाच रंगात.

प्रत्येक फाइलीत २४ ची चौकट अदृश्य आयत म्हणून ठेवा. ती काढली की पीडीएफ चित्राच्या कडेपर्यंत कापली जाते, मग फोन आणि पत्ता एकाच उंचीला ओढल्यावर एक मोठा, एक लहान. छापखान्यात सगळ्यात जास्त बिघडतं ते इथं. कापणीच्या फाइलीतून मात्र तो आयत काढा, नाहीतर प्लॉटर तोही कापतो.

नावात अर्थ, प्रकार, माप: 'सर्व्हिस-रेषा-२४', 'सर्व्हिस-भरीव-१६'. 'फायनल-नवीन-२' असलं नाव दिसलं की फाइल परत करा.

खानापूर_रोड
आणि नवा आयकॉन घालायचा अधिकार एकाच माणसाकडे. विक्रीवाल्यांना नवा हवा असेल तर आधी त्या तक्त्यात बघायचं: अर्थ आधीच आहे का? असेल तर नवा नाही. नसेल तर तो शब्दानं भागतो का? 'गुणवत्ता', 'विश्वास', 'बांधिलकी' यांना आयकॉन लागतच नाही. हस्तांदोलनाचं चित्र २४ पिक्सेलला खेकड्यासारखं दिसतं, ते सोडून द्या आणि शब्द लिहा.

बोर्डवाला_शहापूर
सुरुवात कॅटलॉगनं करू नका, ताई. आधी एक ए४ कागद घ्या: सगळे आयकॉन काळ्यात, ४, ८, १२ आणि २५ मिमी अशा चार मापांत, खाली तिन्ही भाषांतले शब्द. तो साध्या लेझर प्रिंटरवर काढा, फोटोकॉपी मारा आणि शॉपफ्लोअरवर ज्याला डिझाइनशी देणंघेणं नाही अशा माणसाला शब्द झाकून दाखवा. फोटोकॉपीत जे बुजले ते जाडीला चुकले. त्याला जे ओळखता आले नाहीत ते अर्थाला. कॅटलॉगचं पान त्यानंतर लावा.

रेखाटन_उद्यमबाग
कागद आजच काढते. मानकांची चिन्हं त्यात घालत नाही, त्यांचा वेगळा कागद करून अण्णांना तपासायला टाकते इथंच.

पॉवरपॅक_अण्णा
टाका. पंप, मोटर आणि रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) आधी. रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगची नागमोडी रेषा आणि कंट्रोलची तुटक रेषाही तशीच राहू द्या. तुटक रेषा सलग केली की ती कंट्रोलची न राहता मुख्य प्रवाहाची होते.